वेशीवरचा नल: दोन संगणकभाषा एका घरात नांदतात तेव्हा

निफाडच्या काकांना गेल्या हंगामात ट्रॅक्टरच्या हप्त्याची आठवण करून देणारा मेसेज आला. सगळा मजकूर शुद्ध मराठीत, फक्त नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं: एन, यू, डबल एल. काकांनी तो वाचला ‘प्रिय नल, आपला हप्ता दहा तारखेला देय आहे’ असा, आणि लगेच मला फोन लावला.

‘‘काय रे, तू ते अ‍ॅपबिप लिहितोस ना? हा नल कोण? आणि मी नल असेन तर तुझी काकू दमयंती झाली. सांगू का तिला?’’

काकू मागून काहीतरी बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

असा ‘नल’ तुम्हालाही भेटला असेल. कधी वीजबिलाच्या मेसेजमध्ये, कधी तिकिटावर आडनावाच्या जागी. नशीब बरं नसेल तर अक्षरं न दिसता अ‍ॅपच धाडकन बंद पडतं. सातपूरच्या एका छोट्या ऑफिसात बसून मी बरीच वर्षं हेच निस्तरतोय. काकांना फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे सांगतो.

आधी चिठ्ठी समजून घेऊ

संगणकाच्या पोटात सगळे आकडेच असतात. तुमचं नाव, हप्त्याची रक्कम, काकांचा फेटेवाला फोटो, सगळं. कुठल्या आकड्यांचा अर्थ काय लावायचा हे सांगणारी चिठ्ठी म्हणजे ‘टाइप’. आपण प्रकार म्हणू. एका डब्यावर ‘संख्या’, दुसऱ्यावर ‘मजकूर’, तिसऱ्यावर ‘तारीख’. संख्येत संख्या मिळवता येते. तारखेला तारखेने गुणायला गेलात तर काहीतरी चुकलंय.

दिंडोरी-निफाडकडे निर्यातीच्या द्राक्षांचं पॅकहाउस ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल. पेटीवर चिठ्ठी असते: वाण कोणतं, मण्याचा आकार किती, माल कुठल्या बागेतला, पॅकिंग कधीचं. युरोपात माल उतरल्यावर तक्रार आली तर चिठ्ठीवरून मागे मागे येत थेट बागेपर्यंत पोचता येतं. शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘अपेडा’ या संस्थेची ‘ग्रेपनेट’ ही नोंदव्यवस्था त्यासाठीच आहे. पेट्या गाडीत चढवण्याआधी जो तपासतो तो प्रत्येक मणी चाखत बसत नाही. चिठ्ठी जुळते का, एवढंच बघतो. न जुळणारी पेटी बाजूला.

प्रोग्रामच्या बाबतीतही असंच. तो चालवायच्या आधी, नुसता वाचून, सगळ्या चिठ्ठ्या एकमेकींशी जुळतात का हे पाहणं म्हणजे टाइप अ‍ॅनालिसिस, म्हणजेच प्रकार-तपासणी. हे काम करणारा प्रोग्राम म्हणजे आपला तपासनीस. प्रोग्रामरच्या स्क्रीनवर शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटते ना, ती बहुतेक वेळा त्याचीच.

एका भाषेपुरता हा तपासनीस हुशार असतो, कारण नियम एकच असतात. गंमत सुरू होते ती एका घरात, म्हणजे एकाच अ‍ॅपमध्ये, दोन भाषा आल्या की.

पण एका घरात दोन भाषा कशाला?

अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली आला, तेव्हा त्याची अ‍ॅप लिहायची भाषा होती जावा. बँका, विमा, सरकारी यंत्रणा, सगळीकडे जावाचे डोंगर आधीच होते. मग २०११ मध्ये जेटब्रेन्स कंपनीने कॉटलिन नावाची नवी भाषा जाहीर केली. तिची पहिली पक्की आवृत्ती २०१६ मध्ये निघाली, २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला मान्यता दिली आणि २०१९ मध्ये तीच पहिली पसंती झाली. दोन्ही नावं बेटांची आहेत. जावा इंडोनेशियातलं, कॉटलिन सेंट पीटर्सबर्गजवळचं.

या दोन भाषांत लिहिलेला मजकूर शेवटी एकाच मधल्या भाषेत उतरवला जातो, त्यामुळे दोन्ही एकाच अ‍ॅपमध्ये चालू शकतात. जावातलं काम कॉटलिनला सांगता येतं आणि उलटही. म्हणून पाच लाख ओळींचं जुनं काम कोणी फेकून देत नाही. जुना वाडा तसाच ठेवायचा आणि मागच्या अंगणात नवी खोली काढायची. (तुलना जरा फसली. आपल्या पंचवटीत वाडे पाडतातच. पण सॉफ्टवेअरचा वाडा पाडायला बिल्डर मिळत नाही.)

तर जुना वाडा जावाचा, नवी खोली कॉटलिनची आणि मध्ये एक वेस. काकांचा नल याच वेशीतून आत शिरतो.

रिकामं कॅरेट

इंग्रजीतल्या त्या ‘नल’चा अर्थ ‘इथे काहीच नाही’. शून्य नव्हे, कोरा कागदही नव्हे. शून्य ही संख्या आहे, कोऱ्या कागदाला निदान कागद म्हणता येतं. नल म्हणजे आत काहीच ठेवलेलं नाही, तरी डब्यावर चिठ्ठी मात्र लटकतेय.

ही कल्पना टोनी होर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी आणली, कारण ती अमलात आणणं सोपं होतं. २००९ मध्ये एका परिषदेत त्याने स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. इतक्या मोठ्या माणसाने इतक्या उघडपणे चूक कबूल करावी, याचं मला अजून कौतुक वाटतं. आपल्याकडे अजून तरी कोणी रस्त्यातल्या खड्ड्याची अशी जबाबदारी घेतलेली ऐकिवात नाही.

जावाने ही सोय तशीच उचलली. जावात डब्यावर ‘मजकूर’ अशी चिठ्ठी असेल तर आत मजकूर असेल, किंवा काहीच नसेल. शेतातून कॅरेट येतं, वर खडूने ‘द्राक्षं’ लिहिलेलं असतं, पण भरलेलं की रिकामं ते उचलल्यावरच कळतं. तसं.

कॉटलिनने चिठ्ठ्याच दोन केल्या. नुसतं ‘मजकूर’ म्हणजे आत मजकूर आहेच, शब्द दिला. आणि पुढे प्रश्नचिन्ह लावून ‘मजकूर?’ म्हणजे कदाचित रिकामं, आधी बघा मग उचला. प्रश्नचिन्हाचा डबा न बघता उचलायला गेलात तर तपासनीस प्रोग्राम तयारच होऊ देत नाही. अ‍ॅप लोकांच्या फोनवर जाऊन कोसळण्यापेक्षा माझ्या स्क्रीनवर लाल रेघ आलेली बरी.

वेशीवर तीन पर्याय

आता जावाकडून ‘मजकूर’ चिठ्ठीचा डबा कॉटलिनच्या वेशीवर आला. कॉटलिनच्या तपासनिसाने त्यावर कुठली चिठ्ठी लावायची?

एक, सरसकट प्रश्नचिन्ह. सुरक्षित. कॉटलिनने सुरुवातीला हेच करून पाहिलं. पण मग जावाकडून आलेली प्रत्येक वस्तू पन्नास वेळा उघडून बघावी लागते. लोक कंटाळतात, आणि कंटाळलेला माणूस न बघता ‘बघितलं’ अशी सही करतो. टोलनाक्यावर प्रत्येक गाडीची डिकी उघडायचा हुकूम निघाला की तिसऱ्या दिवशी काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

दोन, सरसकट ‘भरलेलं आहे’. हे सरळ खोटं.

तीन, कॉटलिनने शेवटी स्वीकारलेली वाट: ‘मला माहीत नाही’ अशी तिसरीच चिठ्ठी. तिला ‘प्लॅटफॉर्म टाइप’ म्हणतात. चुकीच्या संदेशांमध्ये ती पुढे उद्गारचिन्ह लावून दिसते, ‘मजकूर!’ अशी, पण प्रोग्रामरला ती स्वतःच्या हाताने लिहिता येत नाही. फक्त तपासनिसाच्या वहीत असते. तिचा अर्थ असा: भरलेलं समजून उचललंत तरी अडवणार नाही, रिकामं समजून तपासलंत तरी हसणार नाही, जबाबदारी तुमची.

मात्र एक पहारा ठेवलाय. असा डबा कॉटलिनमध्ये ‘नक्की भरलेलं’ या जागी ठेवायला गेलात, तर प्रोग्राम चालू असताना त्या क्षणी तो उघडून पाहिला जातो. रिकामा निघाला तर तिथेच आरडाओरडा. हे वाईट वाटतं, पण चांगलं आहे. रिकामं कॅरेट दारात पकडलं तर कुठल्या गाडीतून आलं ते कळतं. शीतगृहात तीन दिवसांनी सापडलं तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

मग काकांचा नल पहाऱ्यातून सुटला कसा? तर तो ‘नक्की भरलेलं’च्या जागी कधी ठेवलाच गेला नाही. जुन्या जावा भागाने नाव दिलं, ते रिकामं होतं, आणि नव्या भागाने ते थेट ‘प्रिय’च्या पुढे चिकटवलं. मजकुरात चिकटवताना रिकाम्यालाही चालतं. त्या जागी एन-यू-डबल एल ही अक्षरं छापली जातात. तपासनीस गप्प, कारण उद्गारचिन्हवाल्याला तो अडवत नाही. पहारेकरी गप्प, कारण त्याच्या दारातून कोणी गेलंच नाही.

नुसत्या जावातूनही मेसेज असाच निघाला असता, हे खरं. पण जावा लिहिणारा जन्मभर दचकून असतो, सवयीने डबा हलवून बघतो. कॉटलिन लिहिणाऱ्याला वाटतं, आपल्या भाषेत ही भानगडच नाही. दोन भाषा जोडताना माझ्या मते खरा घोळ इथे आहे. वेशीच्या सुरक्षित बाजूचा माणूस झोपलेला असतो.

यावर औषध

जावाच्या बाजूनेच चिठ्ठी नीट लिहायची. जावात ‘हे रिकामं असू शकतं’ किंवा ‘हे कधीच रिकामं नसेल’ अशी टीप जोडता येते आणि ती दिसली की कॉटलिनचा तपासनीस ‘माहीत नाही’ सोडून पक्की चिठ्ठी लावतो. अडचण अशी होती की कित्येक वर्षं प्रत्येक कंपनीच्या टिपा वेगळ्या. दहा दुकानांच्या दहा रंगांच्या पावत्या. शेवटी बऱ्याच कंपन्यांनी मिळून ‘जेस्पेसिफाय’ नावाचा सामाईक संच केला, त्याची पहिली पक्की आवृत्ती २०२४ मध्ये आली. काम कंटाळवाणं आहे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की नव्या पोराला लॅपटॉपच्या बॅटरीवर टिपा लावत बसवतात.

आधी कोणी वाचायचं?

आतापर्यंतचा प्रश्न चिठ्ठीवर काय लिहायचं हा होता. त्याआधीचा प्रश्न: चिठ्ठी वाचायला तरी मिळते का?

समजा कॉटलिनमधला हिशेब जावातल्या ग्राहकावर अवलंबून आहे आणि जावातला ग्राहक कॉटलिनमधल्या पत्त्यावर. कॉटलिन तपासायचं तर आधी जावा तयार हवं, जावा तपासायचं तर आधी कॉटलिन. दोघेही दारात उभे राहून ‘आधी तुम्ही’ म्हणताहेत.

लग्न ठरताना आपल्याकडे याद्या होतात. दोन्हीकडची वडीलधारी बसतात आणि कागदावर उतरवतात: हॉल कोणाचा, जेवण कोणाचं, मानपान काय. जेवण कुठला आचारी करणार, बटाटे कुठून आणणार, हे त्या कागदावर नसतं. बाहेरून जेवढं दिसायला हवं तेवढंच. कोड्याचं उत्तर तेच आहे. कॉटलिनचा कंपायलर (प्रोग्रामरचा मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) जावाच्या फायली पूर्ण तयार करत नाही. त्यांच्या फक्त याद्या वाचतो: कामाचं नाव, आत काय लागतं, बाहेर काय येतं. तेवढ्यावर तो आपलं कॉटलिन तपासून तयार करतो. मग जावाचा कंपायलर येतो, त्याला तयार कॉटलिन मिळतं, तो आपलं काम उरकतो.

हे जमतं याचं श्रेय जावाच्या एका जुन्या खोडीला आहे. जावात प्रत्येक कामाच्या दारावर प्रकार हाताने लिहावाच लागतो. लोक याला फार नावं ठेवतात. ‘तेच ते किती वेळा लिहायचं?’ कॉटलिनमध्ये बऱ्याचदा लिहावा लागत नाही, आतला मजकूर वाचून कंपायलर स्वतः ताडतो. दोन्ही भाषा अशा ताडणाऱ्या असत्या तर यादी करायलाच आत शिरावं लागलं असतं, आत शिरल्यावर दुसऱ्याची यादी लागली असती, आणि फेरा संपला नसता. जावाचा पाल्हाळ इथे कामी येतो. जावामध्येही २०१८ पासून प्रकार न लिहिता चालतं, पण फक्त कामाच्या आतल्या खोलीत, दारावर नाही.

ग्रूव्ही नावाची जावाचीच दुसरी सोबतीण हा पेच उलट्या बाजूने सोडवते. ती आपल्या फायलींचे जावातले पोकळ सांगाडे तयार करते, आत काही नसलेले, फक्त दारं-खिडक्या. जावाचा कंपायलर त्या देखाव्यावर काम भागवतो. ग्रूव्हीत प्रकार न लिहिण्याची मुभा आहे, मग सांगाड्याच्या दारावर काय लिहायचं? ‘कुठलीही वस्तू’. यादी झाली खरी, पण ‘जेवण: काहीतरी’ अशी.

ज्याला पाटी वाचता येत नाही असा शेजारी

आता यादी म्हणजे मघाची लग्नाची नव्हे, तर प्रोग्राममधली माहितीची, समजा ग्राहकांच्या नावांची. कॉटलिनमध्ये अशा यादीवर ‘फक्त बघा, हात लावू नका’ अशी पाटी लावता येते. जावाला ती पाटी दिसतच नाही. यादी वेस ओलांडून गेली की जावा त्यात खुशाल भर घालू शकते, आणि कॉटलिनमधल्याला वाटत असतं आपली यादी होती तशीच आहे. प्रश्नचिन्हाची गोष्ट निदान दारात पकडता येते, ही नाही. यावर मला जमलेला उपाय एकच: देताना मूळ यादी द्यायची नाही, नक्कल द्यायची.

बाकीच्या जोड्या

वेबसाइटच्या जगात जोडी टाइपस्क्रिप्ट आणि जावास्क्रिप्टची. जावास्क्रिप्टच्या डब्यांवर चिठ्ठ्याच नसतात. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट आणली आणि चिठ्ठ्या दिल्या, पण जुन्या जावास्क्रिप्टसाठी याद्या वेगळ्या फायलीत लिहाव्या लागतात, आणि बऱ्याच याद्या मूळ लेखकाने नाही, तिऱ्हाइताने लिहिलेल्या असतात. यादी चुकली तर तपासणी अगदी बरोबर आणि उत्तर चूक. शिवाय प्रोग्राम चालू होण्याआधीच चिठ्ठ्या पुसल्या जातात, वेशीवर पहारेकरी नाही.

याच जगातली ‘संख्या’ फसवी आहे. जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे एकेक मोजू शकत नाही. जावाच्या बाजूने शेवटी ९९३ असलेला पुढचाच आकडा पाठवलात तर तिकडे ९९२ उमटतो. दोन्हीकडे चिठ्ठी ‘संख्या’च. लांबलचक खातेक्रमांक आकडा म्हणून न पाठवता मजकूर म्हणून पाठवतात ते यासाठी.

पायथन आणि सी ही तिसरी जोडी. पायथनमधून सीचं काम बोलावताना उत्तराचा प्रकार सांगितला नाही, तर पायथनची सीटाइप्स ही सोय ते साधी संख्या धरते. उत्तर खरं म्हणजे संगणकाच्या स्मरणातला पत्ता असेल तर ६४ बिटांच्या यंत्रावर तो निम्मा कापला जातो. नाशिकरोडचं घर सांगितलं आणि रिक्षावाल्याने फक्त ‘नाशिक’ ऐकलं. कधी योगायोगाने पोचताही, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

या सगळ्या ‘माहीत नाही’ चिठ्ठ्यांमागे एक नेमका सिद्धान्त आहे. जेरेमी सीक आणि वलीद ताहा यांनी २००६ मध्ये तो मांडला: ‘ग्रॅज्युअल टाइपिंग’, म्हणजे थोड्या डब्यांना चिठ्ठ्या, थोड्यांना नाहीत, तरी तपासणी शक्य. त्यातली मला आवडलेली बाब अशी. ‘माहीत नाही’चं संख्येशी जुळतं, मजकुराशीही जुळतं, पण म्हणून संख्येचं मजकुराशी जुळत नाही. माझी शेजाऱ्याशी ओळख, शेजाऱ्याची नगरसेवकाशी ओळख, त्यावरून माझी नगरसेवकाशी ओळख होत नाही. (झाली असती तर आमच्या गल्लीत पाणी आलं असतं.)

‘मग टेस्टिंग कशाला असतं?’

हा प्रश्न काकांच्या मुलाने विचारला, तो इंजिनीअरिंगला आहे. चाचणी म्हणजे दहा कॅरेटं उघडून पाहणं. अकरावं रिकामं असेल तर चाचणीला कळत नाही. चिठ्ठ्यांची तपासणी सगळ्या कॅरेटांना लागू होते, पण आतली द्राक्षं आंबट आहेत का हे ती सांगू शकत नाही. दोन्ही लागतात. आणि आता कोड एआय लिहून देतो म्हणून प्रश्न सुटतो असंही नाही. त्यालाही वेशीपलीकडची यादी नीट मिळाली नाही तर तो ताडतो, आणि ताडलेलं फार आत्मविश्वासाने लिहितो.

‘सगळं एकाच भाषेत का लिहीत नाहीत?’ हा त्याचा पुढचा प्रश्न. लिहिलं तरी वेस जात नाही. मेसेज पाठवणारी यंत्रणा वेगळी, बँकेची वेगळी, डेटाबेस वेगळा. प्रत्येक जोडावर चिठ्ठी बदलते.

मोठ्यांच्या घरीही

१९ जुलै २०२४ ला जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळी स्क्रीन दाखवून बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले गेले, आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या प्रोग्रामला बाहेरून नियमांची फाईल मिळायची. फाईलच्या व्याख्येत रकाने २१, प्रोग्राम पुरवत होता २०. एकविसावा वाचायला तो हद्दीबाहेर गेला आणि कोसळला. १२ जून २०२५ ला गूगल क्लाउडच्या सेवा बंद पडल्या, तिथे एका नियमावलीत रकाने कोरे राहिले होते आणि वाचणाऱ्या प्रोग्रामने कोऱ्याची अपेक्षाच ठेवली नव्हती. म्हणजे काकांचाच नल, फक्त राज्य मोठं.

यातलं कुठलंच प्रकरण कॉटलिन-जावाचं नाही. पण चूक वेशीवरची आहे: एका बाजूने काय दिलं आणि दुसऱ्या बाजूने काय धरून चाललं, याची एकच यादी दोघांनी वाचलेली नव्हती.

काकांच्या बाबतीत कारण फार साधं निघालं. फॉर्म भरणाऱ्या पोराने नाव आणि आडनाव दोन्ही आडनावाच्या रकान्यात कोंबलं होतं, नावाचा रकाना रिकामा. काकांनी शोरूममध्ये जाऊन तक्रार केली. पुढच्या महिन्यात मेसेज आला: ‘प्रिय ग्राहक, आपला हप्ता दहा तारखेला देय आहे.’

काकांनी तो मला पुढे ढकलला आणि खाली लिहिलं, ‘‘राजाचा ग्राहक केला रे यांनी.’’